गिऑन मात्सुरी : यंदा क्योटोत रथाचा दोर ओढला

उन्हाळी_पाऊस :

सहा वर्षं झाली ओसाकात राहतेय. क्योटो ट्रेनने अर्ध्या तासावर, तरी गिऑन मात्सुरीला मी दर वर्षी एकच संध्याकाळ जायचे, गर्दीत घामाने भिजायचे, कंदिलांचे फोटो काढायचे आणि शेवटची ट्रेन पकडून परत. यंदा आईबाबा सांगलीहून आले होते आणि बाबांना गर्दी सोसत नाही म्हणून सगळा प्लॅन उलटा केला, म्हणजे मुख्य मिरवणुकीच्या आधीचे दिवस धरले, आणि तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी खरा उत्सव बघितलाच नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यासाका देवस्थानाचा हा उत्सव अख्खा जुलै चालतो. १७ तारखेला साकी मात्सुरीची म्हणजे आधीची मिरवणूक आणि २४ ला आतो मात्सुरीची म्हणजे नंतरची. मिळून ३४ रथ, १७ ला २३ आणि २४ ला ११. रथांचे मुख्य प्रकार दोन, होको आणि यामा. होको म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षाही मोठी लाकडी चाकं, वर वादकांनी भरलेला माळा आणि त्याच्यावर आभाळात गेलेला दांडा, मोठ्या होकोची उंची जमिनीपासून सुमारे २५ मीटर आणि वजन साधारण १२ टन. यामा त्या मानाने लहान, बहुतेकांवर पाइनचं झाड आणि एखाद्या गोष्टीतला प्रसंग बाहुल्यांनी मांडलेला. एकेक रथ एकेका गल्लीचा. कंपनीचा नाही, सरकारचा नाही, देवळाचासुद्धा नाही. गल्लीचा!

आम्ही १० जुलैला सकाळी शिजो रस्त्यावर पोचलो तर निळ्या कामाच्या कपड्यातली माणसं रस्त्याच्या कडेलाच लाकडं जोडत होती. खिळा एकही नाही. सगळा सांगाडा गवती दोराने बांधायचा, ह्याला नावागारामी म्हणतात. एक म्हातारे गृहस्थ दोराचा वेढा घ्यायचे, शेजारचा तरुण लाकडी हातोड्याने तो वेढा आधीच्या वेढ्याला ठोकून चिकटवायचा, परत वेढा, परत ठोका. तासाभरात एक सांधा. वेढे इतके एकसारखे बसले होते की लांबून विणलेलं कापड वाटावं. बाबा आयुष्यभर सुतारकामाच्या दुकानात बसलेले, त्यांनी जवळ जाऊन बघितलं आणि मला म्हणाले, खिळ्याने बांधलं असतं तर वळताना फुटलं असतं, दोर आहे म्हणून ते अंग हलवेल आणि तुटणार नाही. मी ते मोडक्या जपानीत त्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर ते हातातलं काम थांबवून बाबांपुढे वाकले. वाळल्या पेंढ्याचा तो वास अजून नाकात आहे, आमच्या गावच्या गंजीसारखा.

आणि १२ तारखेला हिकिझोमे. म्हणजे रथ बांधून झाला की तो नीट चालतो का बघायला थोडं अंतर ओढून नेतात आणि तेव्हा दोर कोणीही धरू शकतं, परदेशी, पोरंटोरं, बायका, सगळे. आईने दोर धरला. बाबांनी धरला. वर माळ्यावर घंटा, बासरी आणि ढोल सुरू झाले, पुढे उभ्या दोघांनी पंखे उघडून "एन्याराऽऽया" अशी हाक दिली आणि दोरात एकदम ताण आला, हाताला कळलं की मागे काहीतरी प्रचंड मोठं जागं झालंय. लाकडी चाकांचा करकर आवाज येतो तो कानाने नाही, पायातून ऐकू येतो. आईच्या डोळ्यात पाणी होतं.

जे जपानात आहेत किंवा यायचा विचार करताहेत त्यांनी १७ च्या गर्दीवरच जीव टांगू नका एवढंच सांगायचंय. बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा.

नीलपक्षी :

किती छान लिहिलंयस! बाबांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

आम्ही टोकियोत निशीकसाईला, इथून शिंकान्सेनने सव्वादोन तासांत क्योटो. दोन वर्षांपूर्वी १६ च्या रात्री गेलो होतो, योइयामाला म्हणजे मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी. संध्याकाळी सहानंतर शिजो आणि कारासुमा ह्या मोठ्या रस्त्यांवर गाड्या बंद करतात आणि एवढ्या रुंद रस्त्यावर माणसंच माणसं. रथांवर कंदिलांच्या उतरंडी पेटलेल्या, आणि ती लय, कोन-चिकि-चिन, कोन-चिकि-चिन, घंटेचाच आवाज आहे तो, रात्री हॉटेलवर झोपल्यावरसुद्धा डोक्यात चालू होती. मला सगळ्यात आवडली ती लहान पोरं. युकाता म्हणजे सुती किमोनो घालून रथाच्या मांडवात ओळीने बसतात आणि चिमाकी घ्या, मेणबत्ती वाहा असं सुरात गातात. बारीक आवाज, पण सगळ्या गोंगाटातून ऐकू येतो.

एक मात्र, शाकाहारी लोकांनी पोटाची सोय आधी बघा, स्टॉलवर बरंचसं ऑक्टोपस, चिकन नाहीतर नूडल्स, आम्ही भाजलेलं मक्याचं कणीस आणि बर्फाचा गोळा ह्यावर रात्र काढली.

बोधिपर्ण :

धाग्याबद्दल आभार. एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत आहे.

गिऑन हे नाव आपल्याकडून गेलंय. श्रावस्तीचं जेतवन विहार, अनाथपिंडिकाने सोन्याची नाणी जमिनीवर अंथरून घेतलेलं आणि बुद्धांना दान दिलेलं, जिथे त्यांनी कितीतरी वर्षावास केले, त्या विहाराचं चिनी-जपानी नाव म्हणजे गिऑन शोजा. यासाका देवस्थान आधी गिऑनच म्हणून ओळखलं जायचं, तिथला देव गोझु तेन्नो, बैलाच्या मस्तकाचा, आणि तो जेतवनाचा रक्षक अशी तिकडची श्रद्धा. १८६८ मध्ये मेइजी सरकारने बुद्धाची आणि शिंतोची, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, देवस्थानं वेगळी करायचा हुकूम काढला तेव्हा देवळाचं नाव बदलून यासाका झालं आणि तोच देव सुसानोओ ह्या शिंतो देवाच्या नावाने पुजला जाऊ लागला. पण लोकांनी उत्सवाचं नाव सोडलं नाही.

मी लहानपणी नागपूरला दीक्षाभूमीवर आजोबांच्या खांद्यावर बसून जेतवनाची गोष्ट ऐकलीय. क्योटोत ऑफिसच्या कामाने गेलो तेव्हा बसच्या पाटीवर गिऑन वाचलं, त्या शब्दाचा अर्थ बरोबरच्या सहकाऱ्याने सांगितला आणि मी पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत आलो, नुसतं त्या देवळाच्या लाल दारात उभं राहायला.

जुनी_वही :

बोधिपर्ण, फार मोलाचं लिहिलंत.

मी त्यात इतिहासाची थोडी भर घालतो. इसवी सन ८६९. जपानभर साथ पसरलेली, त्याच वर्षी ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड भूकंप आणि त्सुनामी, त्याच्या आधी काही वर्षं फुजी पर्वताचा उद्रेक. लोकांची समजूत अशी की अन्यायाने मेलेल्यांचे आत्मे कोपलेत. मग त्या वेळच्या प्रांतांइतके, म्हणजे ६६, लांब दांड्याचे भाले क्योटोतल्या शिन्सेनएन बागेत उभे करून प्रार्थना केली, तिथून हा उत्सव सुरू झाला. ती बाग लहान झाली असली तरी निजो किल्ल्याजवळ आजही आहे. होको ह्या शब्दाचा मूळ अर्थच भाल्यासारखं शस्त्र. रथाच्या शेंड्याला जे चमकतं ते त्या भाल्याची आठवण.

आणि साथ उन्हाळ्यातच का, तर क्योटो डोंगरांच्या बशीत बसलेलं. पावसाळा संपता संपता हवा कोंडते, कामो नदी पूर्वी सारखी फुगायची, विहिरीत घाण पाणी जायचं. जुलैत तिथे एक दिवस काढला की कळतं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट १५३३ ची आहे. १४६७ ला ओनिन युद्ध सुरू झालं, त्यात क्योटो जळून बेचिराख झालं आणि उत्सव तीसेक वर्षं बंद पडला, तो १५०० मध्ये गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी परत उभा केला. पुढे १५३३ ला शोगुनकडून, म्हणजे लष्करी सत्ताधाऱ्याकडून, हुकूम आला की देवस्थानाचे विधी थांबवा. तेव्हा गल्ल्यांचे लोक देवळात जाऊन म्हणाले, देवाचे विधी नसले तरी चालेल, आम्हाला आमचे रथ काढू द्या. ह्याची नोंद देवस्थानाच्या रोजनिशीत आहे. उन्हाळी_पाऊस म्हणतेय ना की रथ गल्लीचा, ते किती जुनं आहे बघा.

काटेसावर :

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. इतकं गल्लीचं गल्लीचं म्हणतोय आपण, पण सगळ्यात पुढचा जो नागिनाता-होको, त्याच्यावर आजही बाईला पाय ठेवता येत नाही. मी योइयामाच्या संध्याकाळी रांगेत उभी राहिले, नवऱ्याला आणि मुलाला वर सोडलं, मी आणि लेक खाली. लेक नऊ वर्षांची. तिने विचारलं मी का नाही, आणि मला तिला देण्यासारखं उत्तर नव्हतं. बाकी सगळं सुंदर होतं पण ते मला अजून टोचतं आणि त्याबद्दल बोललं पाहिजे.

उन्हाळी_पाऊस :

काटेसावर, राग कशाला, बरोबरच आहे. मलाही ते पटत नाही. आता हा निर्णय ज्या त्या रथाच्या मंडळाचा असतो, काही रथांवर बायका-मुली वाद्यं वाजवतात, वर चढू देणारे होकोही आहेत, म्हणजे दार किलकिलं झालंय. लेकीला पुढच्या वेळी हिकिझोमेला आण, नागिनाता-होकोचाही दोर त्या दिवशी मुली धरतात. मला माहितीये ते वर चढण्याची भरपाई नाही. पण तिचा हात त्या दोराला लागू दे.

जुनी_वही, १५३३ चं मी आज बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

रेशीमधागा :

मी टेक्स्टाइल शिकलेली, त्यामुळे मला ह्या उत्सवाचं वेड रथांवरच्या कापडांमुळे लागलं. चालतं म्युझियम म्हणतात ह्याला आणि ते अगदी खरंय. कान्को-होकोच्या पुढच्या बाजूला सोळाव्या शतकात फ्लँडर्समध्ये म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात विणलेला टॅपेस्ट्री, म्हणजे विणकामातच चित्र काढलेला, पडदा आहे, बायबलमधली रिबेका विहिरीवर पाणी पाजतेय असा प्रसंग. कोई-यामावर ट्रॉयचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा. ज्या काळात जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी होती त्या काळात बायबलमधली बाई शिंतो उत्सवाच्या रथावर मिरवत होती, कारण गल्लीतल्या किमोनोच्या व्यापाऱ्यांना विणकाम कळत होतं आणि ते त्यांना शेजारच्या गल्लीपेक्षा सुंदर हवं होतं.

आता आपला भाग. ह्या रथांच्या संग्रहात भारतीय गालिचे आहेत आणि त्यातले काही आपल्या दख्खनमध्ये विणलेले आहेत असं अभ्यासक मानतात! डच व्यापाऱ्यांच्या जहाजातून गेलेले. दख्खनी गालिचे भारतात फारसे उरलेच नाहीत, आपलं ऊन, आपला पाऊस, वापरून वापरून झिजले. क्योटोतल्या गल्लीवाल्यांनी वर्षातून काही दिवस काढले आणि परत पेटीत ठेवले म्हणून टिकले, इतके की जगात ह्या प्रकारच्या गालिच्यांचा अभ्यास करताना क्योटो गट असा शब्द वापरतात. आता पावसापाण्याला जपायचं म्हणून बऱ्याच जुन्या कापडांच्या जागी हुबेहूब विणलेल्या प्रती लावतात.

मी एका गल्लीत काचेमागे तसा एक गालिचा बघितला. मधे फुलांचं पदक, कडेला वेल, लाल अजून लाल. खूप वेळ उभी होते. मांडवातल्या काकूंनी स्टूल आणून दिलं बसायला.

नीलपक्षी :

रेशीमधागा, अगं हे मला अजिबात माहीत नव्हतं! आम्ही त्या काचेसमोरून आईस्क्रीम शोधत गेलो असणार.

चिमाकी म्हणजे काय नक्की असंही कोणी लिहा ना. मी आणलं, दारावर लावलं, पण गोष्ट नीट माहीत नाही.

जुनी_वही :

चिमाकी एरवी पानात गुंडाळलेला तांदळाचा खाऊ असतो पण गिऑनमधलं चिमाकी खायचं नसतं, आत काही नाही, बांबूच्या जातीच्या सासाची पानं पेंढ्यावर गुंडाळून जुडी बांधलेली. गोष्ट अशी की एक देव वाटसरू होऊन प्रवासाला निघाला आणि रात्री आसरा मागितला. श्रीमंत भावाने हाकलून दिलं. गरीब भाऊ सोमिन शोराई, त्याने घरात जे होतं ते, वरीसारख्या भरड धान्याचा भात करून वाढला. देव जाताना म्हणाला, तुझ्या वंशातल्यांनी गवताचं कडं अंगावर बांधावं, साथ आली तरी त्यांना शिवणार नाही. म्हणून चिमाकीवर चिठ्ठी असते, मी सोमिन शोराईचा वंशज आहे अशी. ती चिठ्ठी रोगाला वाचायला, म्हणून दाराच्या बाहेर वरती लावायचं. वर्षाने जुनं देवळात परत द्यायचं आणि नवं घ्यायचं.

प्रत्येक रथाचं चिमाकी वेगळं बरं का. होशो-यामाचं प्रेम जुळण्यासाठी, आरारे-तेन्जिन-यामाचं आग आणि विजेपासून राखणारं.

मुक्कामपोस्ट :

पुढच्या जुलैत यायचा पक्का विचार आहे, बरोबर सासूबाई असतील, वय ७१, गुडघे ठीक. १७ ची मिरवणूक कुठून बघावी? आणि ऊन किती असतं खरंच?

उन्हाळी_पाऊस :

ऊन हलक्यात घेऊ नका. आम्ही १७ ला सकाळी सातलाच शिजो-कावारामाची चौकात जागा धरली, मिरवणूक नऊला निघते, आणि साडेनऊलाच आईला चक्कर आली. ३५ च्या आसपास तापमान आणि वाऱ्याचं नाव नाही. मागच्या दुकानातल्या आजींनी एक शब्द न विचारता आईला आत नेलं, ओला टॉवेल मानेवर ठेवला, गार मुगिचा म्हणजे जवाचा चहा दिला आणि पंख्यासमोर बसवलं. आई त्यांना मराठीत आशीर्वाद देत होती आणि त्या जपानीत मान हलवत होत्या.

म्हणून सासूबाईंसाठी ओइके रस्त्यावरच्या तिकिटाच्या खुर्च्या घ्या, टोपी आणि ओला रुमाल हवाच, आणि हॉटेल फार आधी करा, त्या आठवड्यात भाव चढतात. त्यांना गर्दी नकोच असेल तर २४ ला या. तेव्हा आदल्या रात्री खाण्याचे स्टॉल नसतात, गल्ल्या शांत, कंदिलाखाली निवांत बोलता येतं.

पण चौकातलं त्सुजिमावाशी एकदा तरी बघाच. रथाची चाकं वळत नाहीत, स्टिअरिंग नावाची गोष्ट नाही. मग काटकोनात वळवायचं कसं? चाकाखाली हिरव्या बांबूच्या चिरफळ्या अंथरतात, त्यावर बादल्यांनी पाणी ओततात, दोर बाजूला नेतात, पंखेवाले हाक देतात आणि बारा टन लाकूड एका दमात बांबूवरून घसरतं. दांडा वर डोलतो, शेंडा आभाळात मोठा वळसा घेतो, पूर्ण चौक श्वास धरून असतो. एका ओढीत थोडंच वळतं, मग परत बांबू, परत पाणी. आणि छपरावर माणसं बसलेली असतात, शिनमाचीच्या अरुंद गल्लीत विजेच्या खांबांना आणि घरांना रथ घासू नये म्हणून पायाने-हाताने सांभाळायला. मिरवणुकीच्या वाटेवरचे सिग्नलसुद्धा दुमडून बाजूला वळवतात, रथ जाईपर्यंत.

जुनी_वही :

२४ च्या मिरवणुकीबद्दल एक. १९६६ ला ट्रॅफिकचं कारण होऊन दोन्ही मिरवणुका १७ लाच एकत्र केल्या होत्या. २०१४ ला परत वेगळ्या झाल्या आणि त्याच वर्षी ओफुने-होको, नावेच्या आकाराचा रथ, १८६४ च्या आगीत जळालेला, दीडशे वर्षांनी मिरवणुकीत आला. ताका-यामाचं त्याहून मोठं. १८२६ मध्ये वादळी पावसात नुकसान झालं आणि तो मिरवणुकीतून गेला, तो २०२२ ला परतला, १९६ वर्षांनी. मधल्या काळात रथ नसतानाही त्या गल्लीने जे उरलं होतं ते मांडून पूजा सुरू ठेवली. २०२० आणि २१ ला कोरोनामुळे कुठलीच मिरवणूक नव्हती, २०२२ हे त्यानंतरचं पहिलं वर्ष. साथीसाठी सुरू झालेला उत्सव साथीमुळे थांबला आणि परत निघाला तो एक जुना रथ जास्तीचा घेऊन.

गावकुसाबाहेर :

मी सहसा नुसता वाचतो, आज लिहितोय. आमच्याकडं सोलापूरच्या बाजूला मरीआईचा गाडा असायचा. पटकीची साथ आली की लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात आईला बसवायचं, लिंबाचा पाला, नारळ, हळदकुंकू, आणि वाजत गाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. साथ गाड्यात बसून जाते असं. माझ्या आजीने लहानपणी बघितलाय, तिच्या दोन भावंडांना पटकीनेच नेलं.

हा धागा वाचला आणि मोबाइलवर तिला गिऑनच्या मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला. काही सांगितलं नव्हतं, नुसतं जपान म्हणालो. तिनं पूर्ण बघितला, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मग विचारलं, गाडा नेऊन सोडत्यात कुठं? मला उत्तर येईना म्हणून इथं विचारतोय.

उन्हाळी_पाऊस :

गावकुसाबाहेर, आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे ओळखलं ते अगदी तेच आहे. मिरवणूक हीच मुळात झाडून काढण्यासाठी. घंटा-ढोलाच्या आवाजाने आणि रंगीत कापडांनी रस्त्यावरची सगळी रोगराई रथावर ओढून घ्यायची, म्हणजे संध्याकाळी देवाच्या पालख्या त्या वाटेने निघतात तेव्हा वाट स्वच्छ असते.

त्यांना सांगा, सोडत कुठेच नाहीत. आपापल्या गल्लीत परत आणतात आणि त्याच दिवशी मोडतात, कारण गोळा केलेलं अंगावर ठेवायचं नसतं. मी थांबून बघितलं. दुपारी परतलेल्या एका रथाची कापडं आधी उतरली, मग झुंबरं, आणि दोन पोरांनी कोयत्याने ते गवती दोर सपासप कापले, चार दिवस ठोकून ठोकून बांधलेले. जमिनीवर पेंढ्याचा ढीग झाला. लाकडं नंबर बघून कोठीत गेली. चाकं शेवटी, एकेकाला चौघं. मग एका काकांनी रस्ता झाडला, पाणी मारलं, आणि कुरियरचा टेम्पो तिथून गेला.